गुलाब लोकांनी काय केलं

नातीला शाळेत भाषण करायचं होतं. सून म्हणाली, आधी आजोबांना मराठीत सांग, तेवढंच मराठी होईल. नात समोर बसली. "आजोबा, गुलाब लोकांनी रेझिस्ट कसा केला?"

"काट्यांनी," मी म्हणालो.

तिनं लिहून घेतलं.

माझं डोकं तेव्हा गुलाबातच होतं. घरापुढचं झाड आमच्या हिनं लावलेलं, इथे इंग्लंडात आल्यावर लेस्टर मार्केटातून बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं. हिवाळ्यात ही गेली. आता मुलाला तिथे फरशा घालून दुसरी गाडी लावायची होती. झाड उपटायचं काम माझ्याकडे. "बाबा, तुम्हाला तेवढाच एक्सरसाइज."

सून आतून म्हणाली, "गुलाब नाही गं, गुलाम."

मग नातीनं नीट सांगितलं. आफ्रिकेतून धरून उसाच्या मळ्यांवर नेलेली माणसं. काही डोंगरात पळाली, काहींनी मळे पेटवले. बाकीची रोज लढायची. काम मुद्दाम हळू करायचं, कुदळ मोडायची, पोटात दुखतंय म्हणायचं, मालक बोलला ते कळलंच नाही असं दाखवायचं.

"आणि पकडलं तर?"

"चाबूक. नाहीतर मुलांपासून तोडून विकायचे."

माझा चहा गार झाला.

त्यांची बरोबरी मी करत नाही. माझ्या पाठीवर चाबूक नव्हता, सून गरम पोळी वाढत होती. पण युक्ती चांगली होती, ती घेतली.

शनिवारी गुडघा धरला. पुढच्या शनिवारी फावड्याचा दांडा मोडला. नवं फावडं आलं, ते सापडेना. मुलगा वैतागून इंग्रजीत बोलायला लागला, तर मला इंग्रजी कळेना. जन्मभर फॅक्टरीत फोरमनशी भांडलो ते काय मराठीत?

नात जिन्यावरून म्हणाली, "डॅड, आजोबा गुलाब झाला."

मुलगा पायरीवर बसला. "आईचं झाड आहे, उपटणार नाही, असं सरळ सांगायचं ना."

"आईचं आहे हे तुला माहीत नव्हतं?"

तो उठून झाडापाशी गेला. मग म्हणाला, "ती असती तर तिनं फरशीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं असतं."

"आणि वर डबा दिला असता."

फरशा घातल्या, झाडाभोवती गोल जागा सोडून. आता गाडी लावताना दारावर ओरखडे उठतात. मुलगा खाली उतरून इंग्रजीत काहीतरी बोलतो आणि माझ्याकडे बघतो.

मला इंग्रजी कळत नाही.