धूर गेलेली सिगडी

घुग्घुसजवळच्या त्या फाटकाची केस काही केल्या मनातून जात नाही. मी तिथे ठाणेदार होतो. थंडीचे दिवस. सकाळच्या पाळीवर निघालेला एक कामगार कोळशाच्या मालगाडीच्या धडकेत सापडला. जीव वाचला, पाय गेला. खाणीकडे जाणाऱ्या खाजगी रुळांचं, म्हणजे सायडिंगचं, फाटक उघडंच राहिलं होतं.

फाटकवाल्याला ताब्यात घेतलं तोच खबऱ्याचा फोन. "साहेब, तो ड्युटीवर टाईट असते. डोये पाहा त्याचे!" तपासणीत दारूचा थेंब निघाला नाही. मग गांजा असणार, असं धरून मी चौकशीत आवाज चढवला. त्याचं एकच पालुपद: "मले इंजिन दिसलं साहेब. फाटक पाडाचं सुचलंच नाई."

दिसलं आणि सुचलं नाही! असला जबाब उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. पण खोटं बोलणारा याहून बरं कारण शोधतो. शिक्षा झाली तर त्याची नोकरी जाणारच होती, वर तुरुंग. म्हणून ठरवलं, त्या सकाळी होतं तसंच सगळं मांडून पाहायचं.

त्याच्या बायकोला बोलावलं. फाटकाशेजारच्या केबिनमध्ये शेकायला सिगडी रोज तीच पेटवून द्यायची. कोळसा बाहेर धुपू दिला, धूर संपून निखारे लाल झाले, तेव्हाच तिने सिगडी केबिनमध्ये ठेवली. "धूर असला तं मी आत नेतच नाई," ती म्हणाली. आमच्या क्वार्टरांतही हेच चालायचं. केबिनची खिडकी सायडिंगच्या ठेकेदाराने पत्र्याने बुजवलेली. दार लावून मी आणि हवालदार पंचनामा लिहायला बसलो. लोकांना अडवायला रस्त्यावर शिपाई उभे केले. इंजिन दिसताच हवालदाराने फाटक पाडायचं, असं ठरलं.

बराच वेळ गेला. डोकं जड झालं होतं, थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. इंजिन आलं, शिट्टी वाजली. हवालदार दाराच्या काचेतून बघत राहिला. मीही बघत होतो. त्याला हटकायचंही माझ्या ध्यानात आलं नाही.

धाडकन दार उघडलं. बाहेर थांबलेली फाटकवाल्याची बायको कडाडली, "गाडी आली नं! आमच्या माणसाले दारुडा म्हणता, मंग तुमचा हवालदार काऊन बसून राह्यला?"

गार हवा लागली आणि माझी नजर सिगडीवर गेली. अरे देवा! तडक सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आमचं रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. दोघांच्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. त्या म्हणाल्या, "धूर गेला तरी हा वायू निखाऱ्यातून निघतच राहतो. रंग नाही, वास नाही. थोडा भिनला तर माणूस जागा असतो, पण लक्ष मंदावतं, हात उशिरा हलतो." फाटकवाल्याच्या रक्तात आता काही सापडणार नव्हतं, मोकळ्या हवेत तो वायू कधीच निघून गेला होता. त्याच्या बाजूने पुरावा म्हणजे आम्ही दोघं.

मी अहवालात लिहिलं: 'इंजिन समोर दिसत असूनही ठाणेदाराने काहीही केले नाही.' वरिष्ठ हसले. हसू देत. फाटकवाला सुटला. ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला, पत्रा निघाला.

तेव्हापासून माणसाच्या तोंडाचा वास घेण्याआधी मी त्याची बसायची खोली पाहू लागलो. ही शिकवण त्या बाईची. साहेबापुढे रडत बसली असती तर तिचा नवरा आत गेला असता, आणि आम्ही दोघं त्या केबिनमधून कसे बाहेर आलो असतो, देव जाणे. निरोप घेताना मी तिला हात जोडले. ती म्हणाली, "मले कायले जोडता? ज्याचा पाय गेला, त्याच्या घरी जाऊन या."

मी गेलो. ती आणि तिचा नवरा माझ्याआधीच तिथे पोचले होते.