डिसेंबरात थांबलेलं गाणं

वेल्ह्याच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. लागली तेव्हा आईनं खिडकीतून इंद्रायणी तांदळाची पिशवी आत सरकवली. वडील म्हणाले, "भात लावायची गाणी हितं हायेत, आन् शिकायला जर्मनीला?" कंडक्टरनं घंटी मारली, त्यामुळे उत्तर द्यायचं टळलं.

गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांकडे असं एखादं न दिलेलं उत्तर असणारच. माझं जरा लांबलचक आहे. आमच्याकडची आणि जपानमधली भातलावणीची गाणी शेजारी ठेवून वाचायची, असा माझा पीएचडीचा विषय. आपल्याकडे विद्यापीठात साहित्यवाले म्हणाले, हे संगीत आहे. संगीतवाल्यांनी समाजशास्त्राकडे बोट दाखवलं. एका सरांनी तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणून टाकलं. जर्मनीतल्या एकाच विभागाला त्या चिंध्या हव्या होत्या. त्यांनी अर्जासोबत गाण्याचं रेकॉर्डिंग मागितलं, तेही डिसेंबरात.

आमच्यात लावणीबिगर लावणीचं गाणं म्हणत नाहीत. आई म्हणाली, "खाचरं वाळल्याती. हातात रोप न्हाई, संगं बाया न्हाईत. गाणं कुठनं आणू?" दुसरा विभाग नव्हता, हे मी तिला सांगितलं. मला तिचा रागच आला होता.

संध्याकाळी ती आपणहून ओट्यावर येऊन बसली. मी मोबाईल धरला. तिनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. पुढची ओळ बायांनी उचलायची असते. गेली कित्येक वर्षं त्या बायांत मीही होते, पण त्या दिवशी रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून गप्प बसले. आई वाट बघत राहिली. मग उठून चुलीकडे गेली.

दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तेच पाठवलं. मुलाखतीत तिथल्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, गाणारी मधेच का थांबली? मी सांगितलं. प्रवेश त्यावर मिळाला की आणखी कशावर, मला माहीत नाही.

या जुलैत लावणीच्या वेळी आईनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावून मोबाईल बांधावर ठेवायला लावला. इथे सकाळ होती, मी होस्टेलच्या किचनमध्ये भात शिजवत होते. आईनं ओळ म्हटली, थांबली. मी मोठ्यानं उचलली. शेजारी कॉफी करणारा मुलगा दचकला. पण माझा आवाज खाचरात पोचेपर्यंत बाया म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

"तुजी ओळ मागं पडतीया," आई वाकूनच म्हणाली.

घर कुठं, असं इथे विचारतात, तेव्हा मी तालुका, जिल्हा सांगते. मला विचाराल तर घर म्हणजे आई ओळ म्हणून थांबते तेवढी जागा. तिथे मी अजून पोचते, फक्त उशिरा. त्या दिवशी आपली पुढची ओळ म्हणून झाल्यावर आई नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली.