पिवळा दिवा अन् पायलीची मोजणी

माझी नात हेलिकॉप्टर चालवते. जाफराबादकडच्या एका लग्नात वरून फुलं टाकायचं काम तिला मिळालं, तेव्हा मीही त्या लग्नाला गेले होते. म्हणाली, "आजी, जालन्याला परत जाताना बाजूची सीट रिकामीच आहे, चल." मी हो म्हणाले, अन् बसल्या बसल्याच पस्तावले.

मी वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, इंजिनाच्या पट्ट्यावरची. म्हणून सुरू करताना तिनं सांगितलेलं मला बराबर उमगलं. याही यंत्रात इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत रबरी पट्टेच नेतात. एक छोटी मोटर ते ताणून धरते. ती ताणत असली की समोर 'क्लच' लिहिलेला पिवळा दिवा लागतो.

"वर असताना लागला तर गं?"

"पट्टे गरम होऊन थोडे सैल पडतात, मोटर ओढून घेते. दोन-चार सेकंदांत विझतो. सात-आठ सेकंदांत न्हाई विझला, तर मोटरच्या विजेचं बटण बाहेर ओढून ती बंद करायची अन् लगेच उतरायचं."

"अन् न्हाई उतरलं तर?"

"तुझ्या गिरणीत पट्टा तुटला की काय व्हायचं?"

"चक्की थांबायची."

"तेच," म्हणत तिनं यंत्र वर उचललं.

पूर्णा नदी ओलांडली अन् दिवा लागला.

"आजी, घाबरू नको. मोठ्यानं मोज."

"लाभ..." मी सुरू केलं. दाणे मापताना पहिल्या पायलीला आम्ही एक म्हणत न्हाई, लाभ म्हणतो. पायली भरायची, वरून हात फिरवायचा, ओतायची, मंग पुढचा आकडा. जन्माची चाल ती, भ्यायल्यावर तर जीभ तीच धरून बसली. "दोन..." माझा हात मांडीवरच पायली सपाट करत होता. "तीन..." मनात म्हटलं, तीनच झाले, अजून वेळ हाय.

"माझे आठ झाले," नात म्हणाली, अन् तिनं बटण ओढलं.

"अगं, माझे तर तीनच..."

"तू पायल्या मोजून राह्यलीस, आजी. गप बस आता."

खाली सोयाबीन काढलेलं रान होतं. ते वर वर येत होतं. मी डोळे मिटले न्हाईत. गिरणीत पट्टा तुटायच्या आधी जळक्या रबराचा वास यायचा, तोच मी नाकानं शोधत राह्यले. ढेकळांना टेकलो तेव्हा कुठं श्वास सोडला.

पंखा थांबल्यावर आम्ही उतरलो अन् तिनं यंत्राचं मागचं झाकण उघडलं. एका पट्ट्याची कड उसवून दोरे लोंबत होते. वास आता आला.

"माझ्या मोजण्यावर राहिली असतीस तर?" मी विचारलं.

"चक्की थांबली असती," ती म्हणाली. वर असताना तिचा हात जरासुद्धा हलला नव्हता, आता पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. मीच उघडून दिली. देता देता अर्धी माझ्याच लुगड्यावर सांडली.