थंड वॉल्व्हनं भाजलेला हात

१९९४ सालचा जानेवारी. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, तीही कशीबशी. भूतखेत, करणी, अंगात येणं — असलं मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. सुनेला समोर बसवून हे टाईप करून घेतोय ते एवढ्यासाठीच, की घडलं ते घडलं. कोणाला हसायचं असेल तर हसा... माझं काही जात नाही.

आम्ही फरीदाबादला राहायचो. दिल्लीच्या चारी बाजूंनी तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या, आणि आमच्या कारखान्याच्या मालकाला परदेशी सर्टिफिकेटचं वेड लागलं होतं. आमच्याकडे सेफ्टी वॉल्व्ह बनायचे. कुकरची शिट्टी करते तेच काम — दाब वाढला की उघडायचं, वाफ सोडायची, परत बसायचं. फक्त हे कमरेइतके उंच, आणि त्या वेळची ऑर्डर अणुवीज केंद्राची. कुठल्या, ते लिहीत नाही.

किती दाबाला उघडायचं हे आतली स्प्रिंग ठरवते. आणि स्प्रिंग तापली की ढिली पडते. म्हणून सेट करण्याआधी वॉल्व्ह गार आहे की गरम ते बघायचं, आणि तक्त्यावरून दाब धरायचा. गरम वॉल्व्ह गार समजून सेट केला, तर ढिली स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि पुढे तो उशिरा उघडतो. अणुवीज केंद्रात उशिरा म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

नियम असा, की वॉल्व्हला थर्मामीटर बांधून अर्धा तास थांबायचं. मी थांबत नसे. तळहात टेकवायचा आणि सांगायचं — "तीस." "चालीस." माझा जोडीदार रामपाल वहीत लिहायचा. सुरुवातीला साहेब लोकांनी थर्मामीटर लावून माझी परीक्षाही घेतली. एखाद-दोन डिग्रीचा फरक! वीस वर्षं असंच चाललं. सेट झाला की तारेला शिशाचं सील, त्यावर माझा नंबर — सतरा. सतरा दिसला की पुढे कोणी तपासत नसे. याचा मला गर्व होता. आहे.

त्या दिवशी चार वाजता ट्रक लागणार होता. पाच वॉल्व्ह बाकी. त्यातले चार पहाटेच वाफेच्या चाचणीवरून निघाले होते, दहा वाजेपर्यंत हाताला गार लागायला लागले. "दस लिख," मी रामपालला म्हणालो. चारही सेट केले, सील केले. पाचवा दोन दिवस रॅकवर पडून होता. शेडमध्ये अशी थंडी की बोललं की तोंडातून धूर.

पाचव्यावर उजवा तळहात ठेवला... आणि ओरडून मागे घेतला. तापलेल्या तव्यावर पडावा तसा.

"के होया ताऊ?" रामपाल हरियाणाचा, मला ताऊ म्हणजे मोठा काका म्हणायचा, आणि माझ्या बायकोला ताई.

"गरम है. हाथ मत लगा."

त्यानं लगेच लावला. एक लावला, दोन्ही लावले, मग गाल टेकवला. "ताऊ, यो तो बरफ सै! ताई ने घर पे कुछ सुना दिया के सवेरे-सवेरे?"

शेडमधले सगळे हसले. मी परत हात लावला. परत भाजलं.

तेवढ्यात क्वालिटीच्या वैद्य बाई आल्या. पुण्याच्या, तिशीच्या, नव्यानं लागलेल्या. कारखान्यात माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस. त्यांनी थर्मामीटर बांधला. अर्ध्या तासानं आकडा — नऊ.

"काका, नऊ आहे. सेट करा आणि लावा सील."

"नाही लावणार."

"अहो, ट्रक येतोय."

"येऊ दे. हा आतून गरम आहे. गरमवर मी सील मारत नाही."

"दोन दिवस रॅकवर पडलेला आतून गरम कसा राहील?" त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. मग म्हणाल्या, "आतून गरम राहतील ते पहाटे वाफेवरून काढलेले. काका... सकाळच्या चारांना थर्मामीटर लावला होता ना?"

रामपाल माझ्याकडे बघायला लागला. वहीत चार वेळा दहा लिहिलेलं होतं. तो काही बोलला नसता. मी 'हो' म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं.

उन्हाळ्यात वॉल्व्ह आतबाहेर एकसारखा निवतो, हात फसत नाही. जानेवारीत वरचं लोखंड झटकन गार पडतं, आतली स्प्रिंग तशीच राहते. हे मला कळत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"नाही लावला," मी म्हणालो. "हातानं बघितलं. ते चार थांबवा."

फोरमन शर्माजींनी कपाळावर हात मारला. "बाबूरावजी, बीस साल में सच बोलने को आज ही का दिन मिला?"

संध्याकाळपर्यंत ते चार पूर्ण निवू दिले, या वेळी थर्मामीटर बांधून, आणि परत दाब दिला. तीन ठरल्यापेक्षा उशिरा उघडले. त्यातला एक तर बराच. ट्रक रिकामा परत गेला.

पाचवा तिथल्या तिथे खोलला. स्प्रिंग गार. सगळे भाग गार — आता मला सुद्धा. कुठून वाफ आली होती का, करंट उतरला होता का, ॲसिड सांडलं होतं का, सगळं बघून झालं. काही नाही. वैद्य बाईंनी तो स्वतः जोडून, सेट करून बघितला, एकदम बरोबर. घरी जाईपर्यंत माझ्या तळहातावर टपोरे फोड आले होते. मार्केटमधले डॉक्टर म्हणाले, "स्कूटर का साइलेंसर पकड़ लिया क्या?" माझ्याकडे स्कूटर कधीच नव्हती.

वैद्य बाईंचं पुढे म्हणणं पडलं, की काका, तुमच्या मनालाच सकाळपासून टोचत असणार. मी म्हटलं, मनाला टोचून फोड येतात का, तेवढं सांगा. फोड कशानं आले ते मला आजही सांगता येत नाही, आणि उगाच काहीतरी सांगायचं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पाळी शेडमध्ये येईपर्यंत मी थांबलो. मग त्या चार वॉल्व्हसमोर स्टूल ओढून बसलो. उजव्या हाताला पट्टी होती. रामपाल पक्कड घ्यायला पुढे आला, त्याला म्हटलं, "बैठ जा." सतरा नंबरची चारही सीलं मी डाव्या हातानं कापली. वेळ लागला. सगळे उभे राहून बघत होते, मी त्यांना बघू दिलं.