सोबतीचा पेपर

वर्षातून एकदा, परीक्षेच्या आठवड्यात, पेशंटमावशी मरायच्या. एकदाच नव्हे, शेवटच्या वर्षाला जितक्या मुली तितक्या वेळा. सकाळी दोनतीनदा मरून त्या घरी जेवायला जात आणि दुपारी उरलेलं उरकायला परत येत.

त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. त्या मूळच्या विद्यापीठाच्या धुलाईघरातल्या. विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य येतं, पण हे एवढंसं होतं. गॅसवर चहा ठेवून निघावं आणि तो उतू जायच्या आत सगळं फिरून परत यावं. कधीकाळी काही मिशनरी सिस्टर तीन लोखंडी खाटा घेऊन इथल्या बंद पडलेल्या दोरांच्या कारखान्यात आल्या आणि आसपासच्या मुलींना नर्सिंग शिकवू लागल्या. खाटांमागून काळे फळे आले, शिक्षिकांचा वर्ग निघाला. पोट भरायला हवं म्हणून हिशेबाचा अभ्यासक्रम आला, पोट भरल्यावर पुढे काय म्हणून तत्त्वज्ञान. धर्मशास्त्र तर घरचंच. कायदाही मोठ्या थाटात आला आणि विद्यार्थी मिळेनात तेव्हा गुपचूप निघून गेला. फाटकावर ‘विद्यापीठ’ ही अक्षरं चढली, तरी नर्सिंगच्या सरावखोलीत त्या तीन खाटांपैकी एक अजून होती, आणि तिच्यावर मावशी.

शेवटच्या वर्षाचा तो पेपर पहिल्या सिस्टरांनीच घालून दिलेला होता: मरणाऱ्याची सोबत. औषध नाही, इंजेक्शन नाही. मुलीनं खाटेशी बसायचं, हात हातात घ्यायचा आणि काही झालं तरी खोली सोडायची नाही. मावशींचा श्वास मंद होत होत थांबल्यासारखा व्हायचा. कोपऱ्यातून थोरली सिस्टर “झालं” म्हणाली की मुलीनं हात पुढे करायचा, मावशींनी तो धरून उठायचं आणि म्हणायचं, “उठले गं बाई.” मग दोघींनी चहा प्यायचा. मुलींनी मरण मनात धरून घरी जाऊ नये, म्हणून ही रीत.

खाटेवर पडलं की मावशींना गुंगी येई. छतावर कवडसा हलत असे. वरच्या मजल्यावर तत्त्वज्ञानाचे फादर शिकवता शिकवता येरझाऱ्या घालत, समोरून शिक्षिका होऊ घातलेल्या मुलींची बडबडगीतं ऐकू येत, चॅपलकडून मेणाचा वास येई. आपण खाटेवर आहोत आणि खाट पाण्यावर, असं त्यांना वाटू लागे. अर्धं तत्त्वज्ञान आपण झोपेत शिकलोय, असं त्या सांगत. कोणतं अर्धं, ते देवाला ठाऊक.

पण या खाटेवर त्या गंमत म्हणून आल्या नव्हत्या. त्यांचा नवरा, विद्यापीठाचा बॉयलरवाला, हॉस्पिटलात होता. त्यानं चहा मागितला. मावशी आणायला खाली गेल्या, आणि कप घेऊन वर आल्या तेव्हा तो गेला होता. जवळ कुणी नव्हतं. शेवटच्या घडीला त्यानं आपल्याला शोधलं असेल का, हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत राहिला. पेशंट म्हणून झोपाल का, असं थोरल्या सिस्टरनं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यानं पाहिलं तसं छत त्यांना पाहायचं होतं. आणि आपली वेळ येईल तेव्हा आपल्याजवळ तरी कुणीतरी असावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. एकुलती एक लेक परदेशात, म्हणजे तिचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता.

एका वर्षी बडबडी आली. हे नाव तिला वर्गानं दिलं होतं आणि तिनं ते सार्थ केलं होतं. सोबतीला बसली आणि जी सुरू झाली ती थांबेना. तिच्या आत्याची एक लंगडी कोंबडी होती. एका सकाळी ती खुराड्यातून नाहीशी झाली. आत्यानं गल्ली पालथी घातली, शेजारणीवर आळ घेतला, तिच्याशी कडाकडा भांडली. मावशींना हसू आवरेना, मरणं अवघड होऊन बसलं. तेवढ्यात बडबडीला त्यांचे ओठ कोरडे दिसले, आणि गोष्ट तशीच टाकून ती पाणी आणायला धावली.

मिटल्या डोळ्यांनी मावशींनी पावलं दूर जाताना ऐकली. त्यांच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहू लागलं.

थोरल्या सिस्टरनं बडबडीला नापास केलं. संध्याकाळी मावशी सिस्टरच्या खोलीत गेल्या आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं सांगून बसल्या.

“ती पाणीच आणायला गेली होती, सिस्टर. मीही चहाच आणायला गेले होते.”

सिस्टरनं नापासाचा शेरा खोडला. मग बडबडीची परीक्षा पुन्हा झाली, आणि या खेपेला ती गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून बसून राहिली. नंतर चहा पिताना मावशींनी कोंबडीचं पुढे काय झालं म्हणून विचारलं. मेलेल्या माणसाला कशाला हव्यात नसत्या चौकशा, असं बडबडी म्हणाली. मग खऱ्या वेळेसाठी राखून ठेव, असं मावशींनी बजावलं. पुढे दोघींमध्ये ही थट्टाच होऊन बसली.

बडबडी शिकली आणि तिथंच शिकवू लागली. थोरली सिस्टर गेली. मावशी थकल्या, आणि एका हिवाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले. मावशींनी हट्टानं तीच खाट मागितली. लेक विमानात बसल्याचा निरोप आला होता.

दुपार होती. वर नवे फादर जुन्याच येरझाऱ्या घालत होते. बडबडी हात धरून गप्प बसली होती, मुलींना शिकवायची अगदी तशी. मावशींनी डोळे किलकिले केले.

“आज परीक्षा नाही गं. बोल.”

ती बोलू लागली. लंगडी कोंबडी, खुराडं, गल्ली, शेजारीण, सगळं पहिल्यापासून. मध्येच मावशींचे ओठ कोरडे झाले. पाण्याचा जग रिकामा होता. बडबडी उठली नाही. आपल्याच कपातल्या चहात तिनं बोट बुडवलं आणि ते त्यांच्या ओठांवरून फिरवलं. मावशींनी चव घेतली.

“सापडली का मग?”

“अहो मावशी, ती कुठे गेलीच नव्हती. आत्याच्याच खाटेखाली अंड्यांवर बसली होती. आत्या बाहेर शोधत फिरली, आणि ही आपली तिथंच.”

“तिथंच,” मावशी म्हणाल्या. त्या हसल्यासारख्या वाटल्या. कवडसा छतावरून सरकत भिंतीवर आला, आणि कधीतरी त्यांचा श्वास थांबला. “झालं” म्हणायला कोपऱ्यात कुणी नव्हतं. बडबडीनं सवयीनं दुसरा हात पुढे केला आणि वाट पाहत राहिली.

ऊन कलल्यावर लेक पोचली. आई एकटी होती का, एवढंच तिनं दारातून विचारलं. इतका वेळ धरून ठेवलेला मावशींचा हात बडबडीनं लेकीच्या हातात दिला, आणि मगच ती खुर्चीवरून उठली.