एका हाताने उघडणारं झाकण

शनिवारी सकाळी सव्वासातला वहिनीचा फोन आला, तेव्हा मी पुण्याजवळच्या मांजरीतल्या आमच्या घरी दादासाठी डब्यात सफरचंदाच्या फोडी भरत होते. शनिवार हा त्याच्या डायलिसिसचा दिवस. नऊला तो मशीनवर जायचा आणि मी दोन बस बदलून दहापर्यंत पोचायचे. वहिनी म्हणाली, "मेधा, सावकाश ये. आता घाई करू नकोस." तिच्या त्या 'आता'वर मी थांबले. पुढचं तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पहाटे झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. अरविंद, माझा थोरला भाऊ, कर्वेनगरच्या एका शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवत होता. भेटायला आलेले त्याचे विद्यार्थी त्याच्या तिरकस बोलण्याचे किस्से सांगत होते. फळ्यावर वेडंवाकडं वर्तुळ काढणाऱ्या मुलाला तो म्हणायचा, "छान बटाटा आहे. आता वर्तुळ काढा." सगळे हसत होते, मीही हसले. पण मला दादाबद्दल लिहायचं तर एका सीडी प्लेअरबद्दल लिहावं लागेल, आणि तो मी का घेतला हे खरं सांगावं लागेल.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर उत्तम. वहिनीला मधुमेह, त्यामुळे ती बाद. राहिले मी. रक्ताच्या तपासण्यांना मी अगदी उत्साहाने गेले होते. जुळणार नाही अशी मनातून खात्री होती म्हणून असेल… पण जुळलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही देऊ शकता. घरी बोला, शांतपणे विचार करा." माझा नवरा म्हणाला, "तू ठरवशील ते मला मान्य आहे." सगळे इतके समजूतदार निघाले, की नाही म्हणायला माझ्याजवळ दुसऱ्या कुणाचं कारणच उरलं नाही. मी घाबरले होते. सुरीला, भुलीला, त्यानंतरच्या एका किडनीवरच्या आयुष्याला. यापेक्षा बरं कारण मला आजही सापडलेलं नाही. दादाने तर एका शब्दानेही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. महिना गेला, दुसरा लागला.

याच काळात दादाने सीडी प्लेअरचा विषय काढला. घरात त्याच्या दोनशेच्या वर सीडी होत्या, सगळं शास्त्रीय संगीत, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात क्रमांक. घरातल्या म्युझिक सिस्टिमचा कप्पा कधीचाच उघडेनासा झाला होता. डायलिसिसला त्याने मोबाइलवर गाणी ऐकून पाहिली. मारव्याचे स्वर मनात उतरायला लागावेत आणि मधेच कुणीतरी कर्ज हवंय का विचारायला फोन करावा, असं दोनचारदा झालं. तो म्हणाला, "मला एक छोटा, बरोबर नेता येईल असा प्लेअर हवाय. सीडी साधारण तासाभराची असते. चार ऐकल्या की सुटलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडण्यापेक्षा ते बरं."

"मी आणते," मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की वहिनीने वर पाहिलं.

पहिल्या दुकानदाराने मला आधी नीट न्याहाळलं. "सीडी प्लेअर? बाई, आम्ही ते विकायचं बंद केलं तेव्हा तुमचे केस काळे असतील." दुसऱ्याने जुना, वापरलेला एक काढून दिला. त्याचं सीडी वाचायचं भिंग मंद झालं होतं, दर तिसऱ्या मिनिटाला सूर अडखळायचा. मग मी नवे प्लेअर शोधायला लागले. अजून निघतात, परदेशातून येतात. ऑफिसातून आल्यावर मी त्यांची माहिती वाचत बसायचे. बॅटरी आतली की सेलची, चार तास पुरेल का, धक्का बसला तर आवाज तुटतो का, हेडफोनमधे खरखर येते का. मोबाइलच्याच चार्जरवर चालेल असा एक मागवला. तो दादाने दोन दिवस ऐकला आणि परत दिला. मैफलीची सीडी होती. एकच राग, पण सीडीवर त्याचे दोन भाग केलेले. एक भाग संपून दुसरा सुरू होताना हा प्लेअर अर्धा सेकंद गप्प बसायचा. "गवई सम गाठायला निघालाय," दादा म्हणाला, "आणि हा दारात चप्पल शोधतोय." मी तो परत पाठवला. मला उलट बरंच वाटलं. शोध आणखी लांबला.

तिसऱ्या वेळी मला खरी अडचण कळली. डायलिसिसच्या सुया डाव्या हाताला टोचलेल्या असतात आणि तो हात चार तास हलवायचा नसतो. सीडी बदलायची तर एका हाताने. पुष्कळ प्लेअरची झाकणं खटक्याने उघडतात, पण आतली सीडी अशी घट्ट बसलेली असते की ती काढायला दुसरा हात लागतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, डावा हात मांडीखाली दाबला आणि उजव्याने प्लेअर उघडून, सीडी काढून, दुसरी घालून पाहिली. वीसदा, पंचवीसदा. मधल्या खुंटीवर अंगठा दाबला की सीडी आपोआप वर येते असा एक मिळाला. बटणं मोठी, आणि बंद करून पुन्हा लावला की जिथे थांबला तिथूनच सुरू होणारा. मुलगी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आई, तू मामासाठी एवढं करतेयस ना, मग ते दुसरं…" आणि तिने वाक्य सोडून दिलं. मी हात मांडीखालून काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या.

तो प्लेअर घेऊन मी रविवारी दादाकडे गेले. कुठलं बटण कशाचं, बॅटरी किती चालते, सगळं सांगत सुटले. तो शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने एका हाताने झाकण उघडलं, मिटलं. "मस्त आहे," म्हणाला. "मेधा, आता दुसरं बोलूया का?"

"चहा टाकते," मी म्हणाले आणि उठले. त्याला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं आणि मी त्याच्या घरात चहा टाकायला निघाले होते. वहिनी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिने गॅस बंद केला आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तू त्यांना आणखी किती यंत्रं आणून देणार आहेस, मेधा? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण हे थांबव." मी पर्स उचलली आणि निघाले. दादा दारापर्यंत आला. "नीट जा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर शनिवारी डबा घेऊन जायला मी सुरुवात केली. कुणी बोलावलं नव्हतं. मशीनवर दादा हेडफोन लावून डोळे मिटून असायचा, एक कान मात्र उघडा, कारण हाक मारली तर ऐकू आली पाहिजे असा सिस्टरांचा नियम होता. शेजारच्या पलंगावर सलीमभाई असायचे. पेठेत त्यांच्या पणजोबांपासूनचं अत्तराचं दुकान. दादाने दोन हेडफोन लागतील अशी जोडपिन आणवली होती आणि दुसरा हेडफोन सलीमभाईंना दिला होता. कुठली सीडी आधी लावायची यावर दोघांची रोज हुज्जत. मी स्टुलावर बसायचे. सलीमभाईंशी बोलताना खुलणारा दादा माझ्याशी अगदी नीट, सभ्यपणे बोलायचा. "डबा छान होता." "बस मिळाली का वेळेवर?" माझ्यावर एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं… त्याने टोमणे मारणं सोडून दिलं होतं.

मग एका शनिवारी तिसरी सीडी चालू असताना दादा म्हणाला, "मेधा, जरा अंधारतंय." मी वर पाहिलं तर त्याचा चेहरा राखेसारखा झालेला. मशीन वाजायला लागलं. दोन सिस्टर धावत आल्या, पलंगाचं डोकं खाली केलं, एकीने मला बाजूला सारलं. रक्तदाब कोसळला होता. कुणाच्या तरी कोपराने प्लेअर खाली पडला, झाकण उघडलं, सीडी फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेली. सिस्टर ओरडत होत्या, "सर, डोळे उघडा! सर, माझ्याकडे बघा!" आणि मी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली हात घालून सीडी शोधत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. सीडी हाताला लागली तेव्हा वरून दादाचा बारीक आवाज आला, "ओरडू नका हो, बहिरा नाही मी." तेव्हा मी उठले.

त्याच दिवशी मी हो म्हणाले, असं लिहिता आलं असतं तर चांगलं झालं असतं. मला आणखी नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ऑफिसातून परस्पर त्याच्याकडे गेले आणि चपलाही न काढता दारातच म्हणाले, "दादा, मी देणार आहे. केव्हा जायचं सांग." तो पेपर वाचत होता. त्याने पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "बस आधी," म्हणाला. वहिनी आतून आली आणि माझा हात धरून उभी राहिली. दादा खूश दिसेल असं मला वाटलं होतं. तसा तो दिसला नाही.

पुढच्या तपासण्या सुरू झाल्या. माझ्या सगळ्या ठीक आल्या. दादाच्या हृदयाची तपासणी ठीक आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आत्ता ऑपरेशन झेपणार नाही, तीन महिने औषधं देऊ आणि पुन्हा बघू. मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "मी आधीच हो म्हणाले असते तर?" "असं सांगता येत नाही," ते म्हणाले. म्हणजे हो की नाही, ते मी अजून ठरवते आहे. तीन महिन्यांतले दोनच मिळाले.

पंधरा दिवस उलटल्यावर वहिनीने प्लेअर आणि सीडींची एक पेटी माझ्या हातात दिली. "सलीमभाईंना नेऊन दे. यांनी सांगून ठेवलं होतं." मी मंगळवारी रजा टाकून गेले. दादाच्या पलंगावर कात्रजहून येणारा एक तरुण पेशंट होता. सलीमभाईंनी प्लेअर हातात घेतला, पुसला. मग मला बसायला सांगितलं.

इतके दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं. "सलीमभाई, तो माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का?"

ते नाही म्हणतील, सांत्वन करतील, असं मला वाटलं. "रागावले होते ताई ते तुमच्यावर," ते म्हणाले. "खूप. तुम्ही हा प्लेअर आणला ना, त्या आठवड्यात इथे पडून मला म्हणाले होते, माझी बहीण मला हवं ते सोडून सगळं देते."

मी मान खाली घातली. विचित्र वाटेल, पण थोडा श्वास मोकळा झाला. इतके महिने तो समजूतदारपणे गप्प आहे असं मी स्वतःला सांगत होते. तो रागावला होता. माझा दादा नेहमीसारखा रागावला होता.

"मग तुम्ही हो म्हणालात," सलीमभाई पुढे म्हणाले. "मला वाटलं, मिठाई आणतील. तर त्या दिवशी चारही तास त्यांनी काही लावलंच नाही. हेडफोन गळ्यात तसाच. मी विचारलं, सर, आज का बंद? तर म्हणाले, सलीमभाई, ती लहानपणी इंजेक्शनच्या भीतीने पलंगाखाली लपायची. मीच ओढून काढायचो तिला. आता मला तिला पलंगाखालीच राहू दे म्हणावंसं वाटतंय. तिला काही झालं तर मी काय करू?"

मशीन संथपणे चालू होतं. सलीमभाईंचा डावा हात उशीवर होता, नळ्या लावलेला. मी पेटीतून एक सीडी काढली आणि त्यांना क्रमांक वाचून दाखवला. ते म्हणाले, "ही नको, ही सरांची आवडती. माझं डोकं उठायचं हिने." मग म्हणाले, "लावा. तेच ऐकू आज."

आता मी शनिवारी जाते. दहापर्यंत पोचते. सीडी संपली की सलीमभाई डोळे न उघडताच उजवा हात पुढे करतात, आणि मी त्यात पुढची ठेवते.