फवारणीच्या रिपोर्टात मी गाळलेला 'मी'

हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिच्याजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलतोय ते धाडस आलं म्हणून नाही. थकलोय, एवढंच.

नोकरीची सगळी वर्षं मी पोरांना इंग्रजीत रिसर्च पेपर कसा लिहायचा ते शिकवलं. आमच्या सीमेवरल्या सौंसर-पांढुर्ण्याकडची पोरं. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी, आणि एमएस्सीला आलं की एकदम इंग्रजी. दरवर्षी एखादा विचारायचाच — सर, 'आय' लिहायचं का? ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? मी सांगायचो, काम कसं केलं हे सांगताना पॅसिव्ह चालतो, वाचणाऱ्याला तिथं कृती हवी असते. पण कोणी केलं यानं फरक पडत असेल, तर ॲक्टिव्ह लिहा. माणूस झाकू नका. पोरं माना डोलवत. हे मला कुठून कळलं, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. संत्र्याच्या रोगावर माझी पीएच.डी. चालली होती. बोरगावच्या वाटेवर देवरावजींचा बगीचा होता; त्यांनी त्यातल्या काही ओळी मला प्रयोगाला दिल्या होत्या. मनानं मोठा माणूस. आणि मदतीला सुनंदा होती. लोधीखेड्याच्या बौद्ध मोहल्ल्यातली, तिथली पहिली बीएस्सी झालेली मुलगी. दरसाल मुदत वाढवून मिळणारी तिची नोकरी. फवारणीचं मिश्रण बनवणं हे तिचं काम. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. तसं मिश्रण मारलं तर पानं जळतात. सुनंदा खिळा कधी विसरली नाही.

एक दिवस तिच्या आईला नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सुनंदाची सुट्टी शिल्लक नव्हती. मी म्हणालो, "तू जा. मिश्रण मी बनवतो. हजेरीचंही पाहतो." तिच्या नावापुढं सही मीच केली. ते चांगलं काम होतं की नाही? होतं. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

त्या दिवशी मला पांढुर्ण्याला मुलगी पाहायला जायचं होतं. बस पकडायची होती. चुना जुना होता, हवा लागून मेलेला — हाताला कळलं मला ते. मोहगावहून ताजा आणता आला असता. आणला नाही. खिळा बुडवला नाही. मजुरांना मिश्रण दिलं, शर्ट बदलला आणि निघालो. मुलगी पसंत पडली. तीच माझी बायको.

आठवड्याच्या आत पानं करपली. आंबिया बहाराची बारीक फळं झाडाखाली पडून राहिली. पुढे काही झाडं वाळलीही. देवरावजी ओरडले नाहीत. खाली वाकून एकेक फळ उचलत होते, जणू परत लावता येईल.

"सर, हे काय होऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तपासून सांगतो."

काय तपासायचं होतं?

रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा होता. पहिलं वाक्य मी खरं लिहिलं — आय प्रिपेअर्ड द मिक्श्चर. बराच वेळ त्या 'आय'कडे पाहत बसलो. मग आमच्या गाइडसरांचं म्हणणं आठवलं: शास्त्रात 'मी' नसतो, पॅसिव्ह लिहा. तो कागद फाडला. नव्या कागदावर लिहिलं — द मिक्श्चर वॉज प्रिपेअर्ड. मिश्रण तयार करण्यात आले. व्याकरण शुद्ध. खोटं असं त्यात एक अक्षर नाही. पण खाली त्याच पानावर मी काय लिहिलं? आय नोटिस्ड द डॅमेज अँड स्टॉप्ड द सेकंड स्प्रे. नुकसान मी ओळखलं, दुसरी फवारणी मी थांबवली. तिथं मला 'आय' बरा चालला.

गाइडसर रिपोर्ट वाचून म्हणाले, "भाषा सुधारली तुमची."

मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. जागा रिकामी ठेवली होती. पण मिश्रण बनवणं कोणाचं काम? हजेरीवर त्या दिवशी कोण हजर? आणि खरं सांगू — लोधीखेड्याच्या त्या मोहल्ल्यातल्या मुलीचं नाव त्या जागी भरायला लोकांना किती वेळ लागेल, हे मला लिहितानाच माहीत होतं.

ऑफिसात तिचंच नाव घेतलं जाऊ लागलं, तेव्हा सुनंदा माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"सर, मी तं त्या दिवशी नागपूरले होती."

"माहीत आहे."

"मंग तुमी सांगान ना त्यायले?"

"सांगितलं तर हजेरीचं निघेल, सुनंदा. तुझंच नुकसान होईल."

तिचं होईल, म्हणालो. माझं त्याहून जास्त होणार होतं, ते नाही म्हणालो.

"रिपोर्टमंदी कोनं बनवलं ते काऊन नाही लिहिलं?"

"इंग्रजीत तसंच लिहितात."

 बीएस्सीची पुस्तकं तीही इंग्रजीतूनच शिकली होती. "बरं," म्हणाली आणि गेली.

तिची मुदत वाढवली नाही. मला पदवी मिळाली, नंतर नोकरी.

मिश्रण मी बनवलं. आपल्या मराठीत हे वाक्य कर्मणी प्रयोगातलं आहे, म्हणजे पॅसिव्हच. तरी त्यातून 'मी' हटत नाही. मला त्यासाठी इंग्रजी लागली.

काही वर्षांनी सुनंदा सौंसरच्या बसस्टँडवर भेटली. मोहगावला लहान मुलांच्या शिकवण्या घेत होती, सोबत तिची मुलगी होती. तिनं माझ्या घरच्यांची चौकशी केली, मी तिच्या आईची केली. आई गेली होती. ती त्या फवारणीचा विषय काढेल म्हणून मी वाट पाहिली. मीही काढला नाही. तिची बस आली.

देवरावजी आता म्हातारे झालेत. बगीचा मुलं पाहतात. हिवाळ्यात मी त्यांच्याकडे जातो, ते खाटेवर बसवून घेतात, संत्री सोलून हातात देतात. आणि कोणी नवा माणूस बसलेला असला की माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "ह्या सरांमुळं बगीचा वाचला आपला. त्या पोरीनं तं सारा जाळला असता."

या हिवाळ्यातही म्हणाले. मी फोड तोंडात टाकली आणि मान डोलवली.